दह्याच्या कपाची मागची बाजू

ताई, नमस्कार.
आम्ही डोंबिवलीला राहतो. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. दोन्ही मुलांना रोज स्ट्रॉबेरीच्या दह्याचा एकेक कप लागतो (८० ग्रॅम, ३० रुपये). मिस्टर जिमला जायला लागल्यापासून त्यांना ग्रीक योगर्टचा कप हवा असतो (८५ ग्रॅम, ६० रुपये). महिन्याला ३,६०० रुपये नुसते या कपांवर जातात आणि त्यातलं मला नि सासूबाईंना काही नसतंच. सासूबाईंना मधुमेह आहे. त्या म्हणतात, विकतचं दही म्हणजे पावडर, घरी लावायला काय होतं? मी लावते, पण रात्री साडेदहाला विरजण लावून सकाळी बघावं तर कधी पाणी, कधी आंबटढाण. ७.०५ ची लोकल धरायची असते, त्यामुळे सकाळी दुसरं काही करायला वेळ नसतो. कोपऱ्यावरच्या दुकानात साध्या दह्याची एक किलोची पिशवी ७५ रुपयांना मिळते. ती घ्यावी का? रोज खायला नेमकं कुठलं दही चांगलं आणि परवडणारं? शिवाय मुलांच्या डब्यात दहीभात दिला तर तो दुपारपर्यंत आंबतो, त्यालाही उपाय सांगा. सोबत मुलांच्या कपाचा फोटो पाठवते आहे.
— एक वाचक, डोंबिवली

नमस्कार.

तुम्ही पाठवलेला फोटो कपाच्या पुढच्या बाजूचा होता. त्यावर दोन लालचुटुक स्ट्रॉबेऱ्या, दुधाची उसळी आणि हसणारी गाय. म्हणून मी तुम्हाला कळवून मागच्या बाजूचा फोटो मागवून घेतला. एकवीस वर्षं मी डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध-दही तपासण्याचं काम केलं आहे, त्यामुळे कप हातात आला की आधी उलटा करायची सवयच लागली आहे. तुमच्या पत्रातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात छापलेली आहेत. ती आपण सोबतच वाचू.

घटक पदार्थांच्या यादीत ज्याचं वजन जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. तुमच्या कपावर पहिलं दूध आहे आणि दुसरी साखर. त्यानंतर मिल्क सॉलिड्स, मग स्ट्रॉबेरीचा गर ४ टक्के, मग स्टॅबिलायझर (दही दाट ठेवणारा घटक), रंग, वास आणि शेवटी विरजणाचे जिवाणू. चार टक्के गर म्हणजे ८० ग्रॅमच्या कपात जेमतेम सव्वातीन ग्रॅम. महाबळेश्वरची मध्यम आकाराची स्ट्रॉबेरी घेतली तर तिचा पाव भाग. बाकी चव आणि रंग दुसऱ्या गोष्टींचा.

आता खालचा तक्ता. १०० ग्रॅममध्ये प्रोटीन ३ ग्रॅम, टोटल शुगर्स साडेतेरा ग्रॅम, त्यातली अ‍ॅडेड शुगर ९ ग्रॅम. हे दोन आकडे वेगवेगळे का, हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. दुधात लॅक्टोज नावाची स्वतःची साखर असतेच. दही लागताना जिवाणू त्यातली थोडी खातात आणि तिचं आम्ल करतात, तरी चार-साडेचार ग्रॅम शिल्लक राहते. म्हणून अगदी साध्या, बिनसाखरेच्या दह्याच्या पिशवीवरही टोटल शुगर्सपुढे चार-पाच ग्रॅम लिहिलेलं दिसेल. त्याला घाबरायचं कारण नाही. पाहायचा आकडा अ‍ॅडेड शुगरचा. साध्या दह्यात तो शून्य असला पाहिजे. तुमच्या मुलांच्या कपात ९ आहे, म्हणजे ८० ग्रॅममधून सात ग्रॅमच्या वर, चहाचा दीड चमचा साखर.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असं सुचवते. पाच वर्षांच्या मुलाला त्याहून कमी. बिस्किटं, जॅम, दुधात घालायची चॉकलेटची पावडर, वाढदिवसाचा केक हे सगळं त्याच हिशेबात बसतं. त्यात ज्या पदार्थाकडे आपण पौष्टिक म्हणून पाहतो, त्यानेच दीड चमचा खाऊन टाकला तर वाईट वाटतं. मुलांनी आईस्क्रीम खाऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. ते आईस्क्रीम म्हणून खातात, आपणही तसंच देतो. दह्याच्या नावाखाली रोज गोड जायला नको, एवढंच माझं म्हणणं.

पुढच्या बाजूला 'लो फॅट' असं मोठ्या अक्षरात असेल तर मागची बाजू दुप्पट काळजीने वाचा. साय काढली की चव उतरते, आणि ती भरून काढायला बऱ्याचदा गोडी वाढवली जाते.

आता पैशाचं. तुम्ही भाव लिहून पाठवलेत म्हणून हिशेब नेमका करता येतो. कपाची किंमत पाहू नका, १०० ग्रॅमची पाहा. ८० ग्रॅमला ३० रुपये म्हणजे १०० ग्रॅमला साडेसदतीस. ८५ ग्रॅमला ६० म्हणजे १०० ग्रॅमला सत्तरच्या वर. आणि कोपऱ्यावरची साधी पिशवी १०० ग्रॅमला साडेसात रुपये. फळाचा कप साध्या दह्याच्या पाचपट महाग, आणि त्यात प्रोटीन साध्या दह्यापेक्षा कमीच, कारण दुधाची जागा साखरेने अडवली आहे. साध्या पिशवीच्या दह्यात १०० ग्रॅममागे साधारण साडेतीन ते चार ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे तिथे एक ग्रॅम प्रोटीन दोन रुपयांना पडतं आणि फळाच्या कपात साडेबारा रुपयांना.

ग्रीक योगर्टची गोष्ट जरा वेगळी. त्यात खरोखरच जास्त प्रोटीन असतं, आठ-नऊ ग्रॅमपर्यंत जातं, आणि तुमच्या मिस्टरांनी ते शोधून काढलं यात काही चूक नाही. फक्त ते काय आहे हे त्यांना माहीत असायला हवं. दही फडक्यात बांधून त्यातलं पाणी निथळू दिलं की जे उरतं ते ग्रीक योगर्ट. आपल्याकडे श्रीखंडासाठी चक्का करतात, त्याच्या अलीकडची पायरी. एक किलो दही घ्या, सुती पंचा ओला करून पिळून चाळणीत पसरा, त्यात दही ओता, चाळणी पातेल्यावर ठेवा आणि सगळं फ्रिजमध्ये रात्रभर. सकाळी साधारण चारशे ग्रॅम घट्ट, लोण्यासारखं दही मिळेल. त्यात १०० ग्रॅमला सात-आठ ग्रॅम प्रोटीन असतं आणि खर्च १०० ग्रॅमला एकोणीस रुपये. सत्तर कुठे नि एकोणीस कुठे! शिवाय खाली पातेल्यात जी हिरवट-पिवळी निवळी जमते ती ओतून देऊ नका. थालीपिठाचं नाहीतर पोळीचं पीठ तिनेच मळा, आमटीत घाला. थोडं कॅल्शियम आणि ब जीवनसत्त्वं तिच्यात उतरलेली असतात.

बाहेर ग्रीक योगर्ट घ्यावंच लागलं, प्रवासात किंवा ऑफिसात, तर त्यातही साधं, बिनफळाचं घ्या. ब्लूबेरीचा ग्रीक कपही शेवटी साखरेच्या हिशेबात येतोच. आणि काही कप नुसते 'ग्रीक स्टाइल' असतात, म्हणजे निथळण्याऐवजी स्टार्च किंवा पेक्टिन घालून दाट केलेले. ते विषारी वगैरे अजिबात नाही, पण दाटपणा पाहून आपण जास्त प्रोटीन समजून पैसे देतो आणि तक्त्यात प्रोटीन निघतं चार ग्रॅम. आकडा पाहिला की कळतं.

आता सासूबाईंचा मुद्दा, कारण घरातली खरी ओढाताण तिथे आहे असं तुमच्या पत्रातून जाणवलं. विकतच्या दह्यात पावडर असते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. यादीत 'मिल्क सॉलिड्स' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा स्निग्धांश काढलेल्या दुधाचीच पावडर असते. हिवाळ्यात जनावरं भरपूर दूध देतात, ते सगळं पिशवीतून खपत नाही, मग डेअऱ्या त्याची भुकटी करून ठेवतात आणि उन्हाळ्यात दूध आटलं की वापरतात. दह्यात ती घातली की दही घट्ट लागतं, पाणी कमी सुटतं आणि प्रोटीन थोडं वाढतं. ती भेसळ नव्हे. सासूबाईंना हे समजावून सांगा, पण त्यांच्या म्हणण्यातला दुसरा भागही मान्य करा: घरच्या ताज्या दह्याची चव पिशवीला येत नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं पिशव्या तपासल्या आणि घरी जाऊन आईच्या मडक्यातलं दही खाल्लं. तळाला पाझरून पाणी गेलेलं, चमचा उभा राहील असं कवडीचं दही. त्याची सर कशालाच नाही.

मात्र पैशाच्या बाबतीत एक गोष्ट तुम्हाला ऐकून आश्चर्य वाटेल. तुमच्याकडे गायीचं पिशवीतलं दूध साठच्या आसपास लिटर मिळत असेल. एका लिटरचं साधारण एक किलो दही होतं. वर गॅस. म्हणजे घरचं दही ६० ला आणि विकतची पिशवी ७५ ला. किलोमागे फरक पंधरा रुपयांचा. तेव्हा पैसे वाचवायला घरी लावते आहे आणि जमत नाही, ही टोचणी मनातून काढून टाका. घरी लावायचं ते चवीसाठी, ताजेपणासाठी, हौसेसाठी. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी साधी पिशवी आणण्यात काहीही कमीपणा नाही. सकाळी ७.०५ ची लोकल धरणाऱ्या बाईला कोणी त्यावरून बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

पिशवी घेताना चार गोष्टी बघत जा. मागे तीनच घटक असावेत: दूध, मिल्क सॉलिड्स, विरजण. तारीख वाचा, आणि आजच्या तारखेच्या जितकं जवळचं उत्पादन तितकं चांगलं, त्यासाठी मागच्या रांगेतली पिशवी काढावी लागली तरी दुकानदाराचा संकोच बाळगू नका. पिशवी हाताला चांगली गार लागली पाहिजे. आणि फुगलेली पिशवी कधीही घेऊ नका, कितीही ताजी तारीख असली तरी. आमच्या प्रयोगशाळेत एकदा एकाच दुकानातून ओळीने तीन दिवस फुगलेल्या पिशव्या परत आल्या. आत फेसाळलेलं, ताडीसारखा वास मारणारं दही. डेअरीतला नमुना मात्र स्वच्छ होता. शेवटी चौकशी केली तेव्हा कळलं की तो दुकानदार विजेचं बिल वाचवायला रात्री फ्रिज बंद करायचा. थंडावा सुटला की ज्यांनी वाढू नये ते यीस्ट आणि इतर जिवाणू वाढतात, वायू करतात, पिशवी फुगते. म्हणून कुठल्या कंपनीचं घ्यावं यापेक्षा कुठल्या दुकानातून घ्यावं हे मी आधी सांगते. ज्याच्याकडे दह्याचा खप जास्त आणि फ्रिज रात्रंदिवस चालू, तिथून घ्या, आणि संध्याकाळी घरी जाताना, अगदी शेवटची खरेदी म्हणून. अमूल, गोकुळ, वारणा, चितळे, कात्रज यांच्यात चवीचा फरक आहे, कोणाचं आंबट, कोणाचं गोडसर, पण साध्या दह्याच्या पोषणात रोजच्या खाण्याच्या दृष्टीने म्हणावा असा फरक नाही. घरच्यांना आवडेल ते घ्या.

दह्यावर पाणी सुटलं म्हणजे ते खराब झालं असं नाही, ती निवळीच. ढवळून घ्या. पण वर गुलाबी, काळा, हिरवा ठिपका दिसला तर तेवढा भाग काढून बाकीचं खाऊ नका, सगळं टाकून द्या.

साईच्या बाबतीत फार डोकं शिणवू नका. टोन्ड दुधाच्या दह्यात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६, डबल टोन्डमध्ये दीड. वाढत्या मुलांना साईचं दही चालतं, चांगलंच आहे. सासूबाईंसाठी आणि तुमच्यासाठी टोन्ड पुरे. एकाच घरात दोन प्रकारची दही ठेवायला जमणार नसेल तर सगळ्यांना टोन्ड द्या, काही बिघडत नाही.

मधुमेहात दही चालतं का, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात ती काळजी आहेच. साधं दही, वाटीभर, जेवणासोबत: चालतं. दह्यातली साखर थोडी आणि ती प्रोटीनच्या सोबतीने हळूहळू रक्तात जाते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आठवड्याला किमान दोन कप दही खाण्याने टाइप-२ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो असं लिहायला कंपन्यांना परवानगी दिली, पण पुरावा मर्यादित आहे हेही सोबत लिहिण्याच्या अटीवर. ती गोष्ट मधुमेह व्हायच्या आधीची आहे, झालेला बरा होण्याची नव्हे. तेव्हा दही हे औषध नाही, गोळ्या आणि पथ्य जसंच्या तसं चालू राहील. सासूबाईंना मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन आणि पोटॅशियम मोजून खावं लागतं, तिथे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रमाण ठरवू नका. आणि त्या रात्री दही खात नसतील तर आग्रह करू नका. आयुर्वेदाने रात्रीचं दही वर्ज्य सांगितलं आहे, त्यांचा त्यावर विश्वास असेल. दुपारी खाल्लेल्या वाटीतही तेच पोषण असतं. तुमचं घर शाकाहारी असेल तर एक गोष्ट सगळ्यांसाठी महत्त्वाची: बी-१२ जीवनसत्त्व तुम्हाला अन्नातून जवळजवळ फक्त दूध-दह्यातूनच मिळणार आहे. म्हणून तुम्ही आणि सासूबाई दह्याविना राहता हे वाचून मला जास्त चुटपुट लागली. मुलांचे कप आले, मिस्टरांचा कप आला, आणि घरातल्या दोन बायकांची वाटी राहिली.

'प्रोबायोटिक' या शब्दासाठी वेगळे पैसे मोजावेत का? ज्या कपावर जिवाणूचं पूर्ण नाव, त्याचा वाण आणि संख्या लिहिली आहे, आणि तुम्हाला डॉक्टरांनी काही कारणाने ते सुचवलं आहे, तर जरूर. एरवी रोजच्यासाठी साध्या दह्यातले जिवंत जिवाणू पुरेत. दूध पचत नाही, पोट फुगतं अशा अनेकांना दही मात्र पचतं, ते या साध्या जिवाणूंमुळेच. दह्यातून पोटात गेल्यावरही ते लॅक्टोज फोडायला मदत करतात. मात्र जो कप फ्रिजबाहेर, फडताळात महिनोन्‌महिने टिकतो असं लिहिलेलं असतं, तो दही झाल्यावर पुन्हा तापवलेला असतो. त्यात प्रोटीन, कॅल्शियम असतं, जिवंत जिवाणू नसतात. कढीचंही तसंच. जिवाणू गेले तरी कढीतलं बाकीचं पोषण कुठे जात नाही, ती खुशाल खा.

आता विरजण. रात्री साडेदहा ही वेळच तुम्हाला छळते आहे. माझ्या अंदाजाने दूध फ्रिजमधून काढून अर्धवट कोमट केलेलं असतं आणि पातेलं ओट्यावर खिडकीशी. पावसाळ्यात, थंडीत त्या गारव्यात दही लागतच नाही, सकाळी पाणी. आणि एप्रिल-मेमध्ये डोंबिवलीच्या उकाड्यात ते चार-पाच तासांत लागून पहाटेपर्यंत आंबत राहतं. म्हणजे तुमचा हात चुकत नाही, घड्याळ चुकतं. त्यात आणखी एक गुंता. आपल्या देशी दह्यातले जिवाणू पंचवीस-तीस अंशालाही बरे वाढतात. पण योगर्टचे जे दोन जिवाणू आहेत, ज्यांतल्या एकाचा शोध १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरने लावला आणि म्हणून ज्याच्या नावात बल्गेरिया आहे, त्यांना बेचाळीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. तुम्ही कधी योगर्टच्या कपातलं विरजण वापरलंत आणि रात्र गार निघाली, की पाणी राहणारच.

तर असं करा. रोज लावूच नका. रविवारी सकाळी दोन लिटर दूध उकळा, आणि उकळी आल्यावर लगेच बंद न करता मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत ठेवा. या उकळण्याने दुधातली निवळीत जाणारी प्रथिनं उलगडून बाकीच्या प्रथिनांना चिकटतात आणि दही घट्ट बसतं. नुसतं कोमट केलेल्या दुधाचं दही ढिलं होतं ते यामुळे. मग दूध निवू द्या. करंगळी बुडवून सावकाश दहा अंक मोजा. ऊब लागली पाहिजे, पण बोट काढावंसं वाटता कामा नये. तीन-चार अंकांतच बोट मागे आलं तर दूध अजून गरम आहे, त्यात विरजण घातलं तर जिवाणू मरतील. दोन लिटरला दोन ते तीन चहाचे चमचे विरजण, आधी वाटीत थोड्या दुधात फेटून गुठळ्या मोडलेलं, मग सगळ्या दुधात ढवळून. जास्त विरजण घातलं की लवकर लागेल असं वाटतं, पण लवकर आंबतंही. दूध कॅसरोलमध्ये ओता, झाकण लावा, आणि त्यानंतर हलवू नका. थंडीत कॅसरोल तांदळाच्या डब्यात खोचून ठेवला तरी चालतो. अकराला लावलंत तर उन्हाळ्यात तीन-चारला, थंडीत सहा-सातला बघा: भांडं जरासं कलतं केलं की दही कडेपासून एकसंध सुटून थरथरलं पाहिजे, ओघळता कामा नये. तसं दिसलं की लगेच फ्रिजमध्ये. हे लगेच महत्त्वाचं. थोडं आणखी लागू दे म्हणून ठेवलेलं दहीच आंबतं. अदमुरं असतानाच आत गेलं तर गुरुवारपर्यंत गोडसर राहतं.

विरजणाला तार सुटायला लागली, दही चमच्याबरोबर लांबत जाऊ लागलं, तर ते खाल्ल्याने अपाय नाही, पण ते विरजण पुढे चालवू नका. ताज्या साध्या पिशवीतला चमचाभर घेऊन नवं सुरू करा. आणि सासूबाईंना जमत असेल तर रविवारचं हे काम त्यांच्याकडे द्या. कुठल्या क्षणी दही उचलायचं हे त्यांच्या डोळ्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा बरं कळेल.

मुलांचा स्ट्रॉबेरीचा कप एका दिवसात बंद करू नका, घरात रडारड होईल आणि दह्याशीच वैर धरतील. पहिला आठवडा एका कपात तितकंच साधं दही मिसळून दोघांत वाटा, म्हणजे प्रत्येकाला साखर निम्मी. दुसऱ्या आठवड्यात कप आणखी कमी, आणि सोबत कुस्करलेलं केळं किंवा चिकू. उन्हाळ्यात आंब्याचा रस असला तर विचारूच नका. डिसेंबर ते मार्चमध्ये खऱ्या स्ट्रॉबेऱ्या बाजारात असतात, दोन चिरून घातल्या की त्या कपातल्या गरापेक्षा कितीतरी जास्त फळ झालं. फळ पुरेसं गोड नसेल तर अर्धा चमचा गूळ चालेल. गूळही साखरच आहे, पण अर्धा चमचा आपल्या हातात आहे. मुलीला रिकामा कप देऊन मागची बाजू वाचायला लावा. नऊ वर्षांची आहे, चमच्याने साखर मोजून वाटीत काढायला तिला आवडेल, आणि तो ढीग पाहिला की तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

महिन्याचा हिशेब सांगते. चौघांना रोज दीडशे ग्रॅम आणि मिस्टरांच्या घट्ट दह्यासाठी दोनशे दहा ग्रॅम धरलं, तर दिवसाला आठशे ग्रॅमच्या थोडं वर, महिन्याला चोवीस-पंचवीस किलो. सगळं विकतचं आणलं तरी १,८५० च्या आसपास. आज तुम्ही ३,६०० देता आणि तिघंच खातात.

राहिला डब्यातला दहीभात. तुम्ही सकाळी भातात दही कालवता, आणि डब्याच्या उबेत ते दुपारपर्यंत आंबत राहतं. उलट करा. मऊ भात गरम असतानाच डावाने घोटा, त्यात मीठ आणि तापवलेलं दूध घालून सैलसर करा, एवढं सैल की वाटीतून ओतता येईल, कारण भात नंतर दूध पितो. कोमट झाला की त्यात दोन चमचे दही घालून ढवळा. वरून तुपात जिरं, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. डबा भरा आणि झाकण लावा. मुलीची मधली सुट्टी साडेबाराला असेल तर तोवर डब्यातच दही लागतं, ताजं, गोडसर. धाकट्याची सुट्टी लवकर असते, तेवढ्या वेळात ते पुरतं लागणार नाही, म्हणून त्याच्या डब्यात दही अर्धी वाटी घाला आणि दूध तेवढं कमी. डाळिंबाचे दाणे मात्र दोघांच्याही डब्यात अगदी शेवटी, भात पूर्ण निवल्यावर, नाहीतर भात गुलाबी होतो आणि धाकटे ते पाहून डबा तसाच परत आणतात.